महागडी स्पीकर केबल की तापकीर गल्लीतली मीटरवरची वायर? पैसे देण्याआधी जरा बघा

स्पीकर ठरले, अँप (अँप्लिफायर) ठरला, घासाघीस करून दोन-तीन हजार सुटले पण, आणि मग काउंटरवरचा माणूस अगदी प्रेमाने विचारतो, "सर, केबल कुठली देऊ?" त्याच्या एका हातात मीटरवर, म्हणजे लांबी मोजून मिळणारी जाडसर पारदर्शक वायर असते आणि दुसऱ्या हातात जाळीदार कापड चढवलेली, सोनेरी टोकांची, दागिन्यासारख्या डब्यातली जोडी. वर ते ठरलेलं वाक्य, "सिस्टीमच्या १० टक्के केबलवर घालायचे असतात सर." हा १० टक्क्यांचा नियम कुठल्या फिजिक्समध्ये नाही, तो काउंटरवरच जन्माला आलाय.

आधीच कबूल करतो, मी पण त्यात अडकलोय. पहिले बरे स्पीकर घेतले तेव्हा अकरा हजाराची जोडी घेऊन आलो, बायकोला सांगितलं नव्हतं, आणि पहिले दोन आठवडे शपथेवर सांगितलं असतं की तानपुऱ्याची जवारी आता वेगळीच ऐकू येते. त्याचं पुढे काय झालं ते खाली येतंच.

आधी वायरींचीच तुलना करू. घरातल्या अंतरावर स्पीकर केबलचा जो काय परिणाम होतो तो जवळजवळ सगळा रेझिस्टन्सचा (वायर विजेला करते त्या विरोधाचा), म्हणजे वायर किती जाड, किती लांब आणि कशाची एवढाच खेळ. १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, किलोमीटरला साधारण १३ ओहम. स्पीकर अँपपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. आवाज कमी होतो तो जेमतेम ०.१४ डेसिबल. २.५ ची घेतली तर ०.०९ च्या आसपास. आणि ती दागिन्यांच्या डब्यातली, समजा ४ स्क्वेअर एमएमची आहे, तर ०.०५. म्हणजे साध्या २.५ च्या वायरीत आणि तिच्यात फरक काय, तर एका डेसिबलचे शंभर भाग केले तर त्यातले जेमतेम चार, सोफ्यावर बसल्या बसल्या तुम्ही मान इंचभर हलवली तरी याच्यापेक्षा जास्त फरक पडतो. आणि गंमत म्हणजे त्या स्पीकरच्या आत, क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या) कॉइलमध्येच ०.२ ते ०.५ ओहम बसलेले असतात, आणि आतल्या वायरी बहुतेक वेळा साध्याच असतात. बाहेरच्या ५ मीटरला राजेशाही थाट आणि आत शेवटचा एक फूट चाळीतला.

पण म्हणून "केबलने काहीच फरक पडत नाही" असं म्हणणारे पण पूर्ण बरोबर नाहीत. होम थिएटरच्या बॉक्समध्ये जी लाल-काळी केसासारखी वायर फुकट येते ना, ती २२-२४ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक), ५ मीटरवर तिचाच अर्धा ओहम होतो, आणि समोर ४ ओहमचा स्पीकर असेल तर सरळ १ डेसिबल गेला. बरं तो सगळीकडे सारखा जात नाही, कारण स्पीकरचा इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण विरोध, फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे आवाजाचा पोतच बदलतो. हे ऐकू येऊ शकतं. म्हणजे फुकटच्या वायरीवरून १४ गेजच्या (साधारण २ स्क्वेअर एमएमच्या) वायरीवर आलात तर पैसे वसूल, तिथून पुढे मात्र चढण संपते आणि सपाट पठार लागतं, किंमत तेवढी वर जात राहते.

चांदीचं पण सांगून टाकतो. चांदी तांब्यापेक्षा ५-६ टक्के चांगली वाहक, बस्स. तांब्याची एक गेज जाड वायर घेतली की चांदी मागे पडली. ओएफसी, म्हणजे ऑक्सिजन-फ्री कॉपर, त्याचंही तसंच, साधं विजेच्या वायरीचं तांबंच ९९.९ टक्के शुद्ध असतं, त्यात आणि ओएफसीत वाहकतेचा फरक एखादा टक्का. तरी मी ओएफसी लिहिलेलीच घ्या म्हणतो, पण कारण वेगळं आहे.

कारण सीसीए. कॉपर-क्लॅड अ‍ॅल्युमिनियम. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. ऑनलाइन जी "१६ गेज, ३० मीटर, भन्नाट ऑफर" वायर दिसते त्यातली बरीचशी हीच असते, आणि कधीकधी हे अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कधी लिहिलेलंच नसतं. अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वर वारंवार वाकवली की तारा तुटतात, स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होतात. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ब्लेडने एक तार खरवडायची, आत पांढरट निघालं की समजायचं. (तांब्यावर कल्हईसारखा टिनचा थर असलेली वायर पण येते, ती बाहेरून पांढरी आणि आतून लाल, ती चांगली.) दुसरी युक्ती वजन, अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून हलकं, बंडल हातात घेतलं की कळतं. म्हणून वायर मी पुण्यात तापकीर गल्लीतून किंवा मुंबईला गेलो तर लॅमिंग्टन रोडवरून हातात घेऊनच आणतो, दुकानदारासमोर टोक सोलून बघतो, त्याला राग येत नाही, ज्याला येतो त्याच्याकडून घेत नाही.

घरच्या वायरिंगची २.५ ची वायर चालते का असं बरेच जण विचारतात. चालते, आवाजाला काही होत नाही, दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन टाकायच्या. फक्त ती ताठ असते, कोपऱ्यात वळत नाही, लाल-काळी सरपटत गेलेली दिसते आणि घरात त्यावरून बोलणी खावी लागतात.

साउंडवाल्यांकडे बघा जरा. गणपतीत मंडळाचा साउंड लावणारा माणूस स्पीकरला काय वापरतो, रबरी आवरणाची २.५ ची टू-कोअर केबल आणि टोकाला स्पीकॉन, म्हणजे फिरवून लॉक होणारा प्लग. माइकला तीन पिनांची बॅलन्स्ड एक्सएलआर केबल, स्टेजपासून मिक्सरपर्यंत ५० मीटर लांब, तरी गुणगुण नाही, कारण त्यात दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो आणि बाहेरून आलेला नॉइज दोन्हींत सारखा असल्यामुळे शेवटी कापला जातो. तो पैसे घालतो कनेक्टरवर आणि आवरणावर, कारण त्याच्या केबलवरून हजार माणसं आणि दोन ढोलपथकं चालत जाणार असतात. चांदी-बिंदीचं त्याला सांगून बघा, चहा पाजेल आणि हसेल.

आता अँप आणि डीएसी (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी डबी) किंवा टीव्ही यांच्यामधली आरसीए केबल, ती लाल-पांढऱ्या टोकांची. इथे शिल्ड, म्हणजे बाहेरचा नॉइज अडवणारं आवरण, बरं हवं आणि टोक घट्ट बसायला हवं, पाचशे ते हजार-दीड हजारात हे दोन्ही मिळतं. गुणगुण येत असेल, म्हणजे ती ५० हर्ट्झची भुंग्यासारखी, तर दहापैकी आठ वेळा दोष केबलचा नसतोच, अर्थिंगचा असतो. माझ्याकडे लॅपटॉप चार्जरला लावला की सुरू व्हायची, काढला की बंद. याच्यावर एका दुकानात मला सात हजाराची शिल्डेड केबल दाखवली होती. उपाय निघाला काही शेकड्यांतल्या ऑप्टिकल केबलचा, कारण तिच्यातून उजेड जातो, वीज जातच नाही, त्यामुळे दोन मशीनच्या अर्थचा संबंधच तुटतो. एक अपवाद मात्र खरा आहे, रेकॉर्ड प्लेअरचा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजवर (सुईच्या पिकअपचा एक प्रकार) केबलच्या कपॅसिटन्सचा, म्हणजे वीज साठवून धरण्याच्या गुणाचा, खरंच परिणाम होतो, जास्त झाली की वरच्या सुरांचा तोल बिघडतो, इलेक्ट्रिक गिटारचं पण तेच. तिथेही महाग नाही, कमी कपॅसिटन्सची आणि आखूड केबल बघायची.

डिजिटलमध्ये तर विषयच लवकर संपतो. एचडीएमआयमधून बिट जातात, पोचले तर पोचले, नाही पोचले तर चित्रावर चमचम ठिपके, काळा पडदा, आवाज तुटणं. "थोडा गोड आवाज" असा प्रकार त्यात नाही. ४के, ६० फ्रेमसाठी प्रीमियम हाय स्पीड, म्हणजे १८ गिगाबिटची, आणि नवा गेमिंग कन्सोल असेल तर अल्ट्रा हाय स्पीड, ४८ गिगाबिटची, पाकिटावरचा क्यूआर स्कॅन करून खरी आहे का बघा आणि निघा. फक्त प्रोजेक्टरला भिंतीतून १०-१५ मीटर न्यायची असेल तर फायबरवाली घ्या, तिथे जास्तीचे पैसे योग्य. नाहीतर २००८ साली डेनॉन या जपानी ऑडिओ कंपनीने दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला काढली होती, वर सिग्नल कुठल्या दिशेने जातो त्याचे बाण पण छापले होते. लोकांनी तिची इतकी थट्टा केली की केबल राहिली बाजूला, विनोदच जास्त टिकले.

थट्टेपलीकडचं पण एक उदाहरण आहे. २००७ मध्ये जेम्स रँडीने, जो भोंदूगिरी उघडी पाडायचा, पेअर कंपनीच्या अँजू नावाच्या केबलवर आव्हान टाकलं. १२ फुटांची जोडी ७,२५० डॉलर, तेव्हाच्या भावाने पावणेतीन-तीन लाख रुपये. न बघता ती साध्या केबलपासून ओळखून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. कंपनीने अंग काढून घेतलं आणि ती चाचणी शेवटी झालीच नाही.

आमच्याकडे मात्र झाली. मेहुण्याला सोफ्यामागे बसवला, एकीकडे माझी अकरा हजाराची, दुसरीकडे मीटरवरची १४ गेज, तो नाणं उडवून केबल बदलणार आणि मी डोळे मिटून सांगणार कुठली आहे, तेच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग. माझी उत्तरं नाण्याने दिली असती तेवढीच बरोबर आली. मेहुणा अजून लग्नाकार्यात सांगतो.

मग ते पहिले दोन आठवडे काय ऐकलं होतं मी? विचार केल्यावर लक्षात आलं. नवी केबल लावताना मी जुन्या वायरीची काळी पडलेली टोकं काढली, टर्मिनल पुसले, स्क्रू नीट आवळले. मुंबईत, कोकणात तर खाऱ्या दमट हवेने उघडं तांबं चक्क हिरवं पडतं. जुन्या वायरीचं इंचभर टोक कापून नवीन सोललं असतं तरी तोच आवाज आला असता, फुकटात. त्यात आवाज पण किंचित मोठा ठेवला होता, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमी "चांगला" वाटतो.

पॉवर कॉर्डबद्दल एकच ओळ, खांबापासून तुमच्या भिंतीपर्यंत साधीच वायर आली आहे, शेवटचा दीड मीटर तिला तीर्थात बुडवून काही होत नाही, त्यापेक्षा सॉकेटला अर्थ आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

तर घ्यायचं काय. स्पीकर ३ मीटरच्या आत असेल तर १६ गेज पुरते, ३ ते ८ मीटरला १४ गेज, त्याच्या पुढे किंवा ४ ओहमचे स्पीकर असतील तर १२ गेज, सगळी शुद्ध तांब्याची. जोडीला बरे बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायची पिन), कारण वारंवार काढघाल करताना सुट्या तारा एकमेकींना चिकटून अँप जळालेले बघितलेत. महागडी केबल दिसायला आवडली, पैसे जड नाहीत, तर खुशाल घ्या, घड्याळ घेतोच की आपण, फक्त आवाजाच्या खात्यात तो खर्च लिहू नका. आणि बजेट मोजकं असेल तर ते आठ-दहा हजार वाचवून स्पीकर स्टँड घ्या, आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर जाड सतरंजी टाका, समोरच्या काचेला जाड पडदा लावा, स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा. हा फरक मेहुण्याला पण डोळे मिटून कळला.

आणि वायर मोजताना टेपने सरळ अंतर मोजू नका, भिंतीकडेने, दाराच्या चौकटीवरून मोजा आणि वर मीटरभर जास्तीची घ्या, कारण दिवाळीत घरातलं फर्निचर हलतंच.