गणिताचा प्रकल्प-संच: सामान बरं, पुस्तिका आगाऊ

नववी-दहावीला गणित शिकवते. ‘करून शिका’ असं लिहिलेली खोकी आजवर बरीच आली आणि त्यातली बहुतेक कपाटावर धूळ खात बसली. हा संच मात्र वर्षभर वापरला, म्हणून लिहायला बसले.

आत उन्नत कोन (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन) मोजायचं साधन, बारा गाठींची दोरी, लंबकाचं सामान, लांब टेप आणि एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका. सगळ्यांत कामाचं ते कोनाचं साधन. अर्धवर्तुळाकार चकती, तिच्या सरळ कडेला नळी, मध्यातून लोंबणारा दोरा आणि वजन. नळीतून खांबाचं टोक बघायचं, दोरा कुठे टेकला ते वाचायचं. आम्ही मैदानातला दिव्याचा खांब 15 मीटरवरून मोजला. एका गटाला तो 23 मीटरचा निघाला! बाकीचे हसले, पण चूक शोधायला दहा मिनिटं गेली. दोरा 57 अंशांवर होता आणि त्यांनी तोच आकडा घेतला. नळी आडवी धरली की दोरा 90 वर असतो, म्हणजे खरा कोन 33. शिवाय डोळ्यांची उंची मिळवायची राहिली होतीच. कोटिकोन, म्हणजे बेरीज 90 होणारे दोन कोन, मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवतेय, इतका पक्का कधी बसला नव्हता.

इतर गटांचे कोन 31 ते 36 आले. खांब एकच, उंची मात्र कोणाची 10.5 मीटर, कोणाची 12.4. मग जुंपली. जवळ गेलं तर नीट मोजता येईल, असं एकीचं म्हणणं. करून पाहिलं, फरक आणखी वाढला. हिशेब मांडला तेव्हा कळलं की 45 अंशांवर एका अंशाची चूक झाली तर उंची साधारण साडेतीन टक्क्यांनी चुकते आणि 75 अंशांवर सात टक्क्यांनी. जवळ गेलं की कोन वाढतो, खांबाच्या उंचीइतकं लांब राहिलं की तो 45 च्या आसपास असतो, म्हणजे तिथेच उभं राहावं. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

पुस्तिकेचा माझा खरा राग वेगळाच आहे. 1 मीटरच्या लंबकाला एका दोलनाला सुमारे 2 सेकंद लागतात. 1 सेकंद लागावा म्हणून दोरी किती ठेवायची? सगळा वर्ग ‘अर्धी’ म्हणणार, मग मोजून तोंडावर पडणार, तिथेच तर वर्गमुळाची गंमत, कारण वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. आणि पुस्तिकेत प्रश्नाच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत: 25 सेंमी. मी ती पानं पिना मारून बंद केली.

डब्याच्या प्रकल्पाचीही तीच गत. 500 मिली मावणाऱ्या वृत्तचितीला (उभ्या गोल डब्याला) कमीत कमी पत्रा लागावा तर त्रिज्या 4.3 सेंमी, उंची 8.6 सेंमी, म्हणजे उंची व्यासाइतकी. झालं, विषय संपला. मुलांनी घरून डबे आणले तर बहुतेक उंचच. का? गोल झाकणं चौकोनी पत्र्यातून कापली तर कोपरे वाया जातात. तेही मोजले की उंची त्रिज्येच्या दुप्पट न येता सुमारे अडीचपट येते. अहो, प्रकल्प तर हाच होता!

दोरीबद्दल फार लिहीत नाही. गाठी मारताना दोरी खपते हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेलं नाही, त्यामुळे गाठींमधली अंतरं सारखी राहत नाहीत आणि 3, 4 आणि 5 भागांच्या बाजूंचा त्रिकोण केला तरी त्याचा काटकोन काटकोन होत नाही. आणि ‘एका संचात पाच मुलं’ हे खोक्यावरचं वाक्य मनावर घेऊ नका. एक नळीतून बघतो, एक कोन वाचतो, एक टेप धरतो, एक लिहितो आणि पाचवा नुसत्या गप्पा मारतो.

एक संच नमुन्याला घ्यायला हरकत नाही. दुसरा मी मागवला नाही. पुठ्ठा, नळी, दोरा आणि एक वॉशर घेऊन आमच्या वर्गाने तशीच आणखी सहा साधनं बनवली. त्यातलं एक मूळ साधनापेक्षा सरस निघालं, कारण त्याची चकती मोठी होती आणि अर्धा अंशही वाचता येत होता. तुम्ही संच घेतलाच, तर मुलांच्या हाती देण्याआधी पिनांची डबी जवळ ठेवा.