तालुक्याची मनोविकार ओपीडी : पाचपैकी साडेतीन

लहान भावाला स्किझोफ्रेनिया आहे. चार वर्षं झाली, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला नेतो. महिन्यातून एक मंगळवार मनोविकाराचे डॉक्टर येतात.

पहिल्या खेपेला मी एकच विचारलं, "साहेब, हा कोणाले मारंल काय?" आदल्या आठवड्यात सोयाबीनची सोंगणी सुरू असताना त्यानं शेजाऱ्यावर विळा उगारला होता. गाव म्हणे, येडा मारकाच असते, बांधून ठेव. मी दोन रात्री गोठ्यात साखळीनं बांधलाही. खोटं कशाले बोलू.

डॉक्टरांनी मलाच विचारलं. दारू पितो काय? गोळ्या कधी सोडल्या? याआधी कोणावर हात टाकला? कानातले आवाज काय करायला सांगतात? मोहाची पोळ्यापासून सुरू होती, गोळ्या त्याच्याही आधी सुटलेल्या. शेजारी जेवणात विष कालवतो, असं त्याला ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले, या आजाराचे बहुतेक लोक कोणाला हात लावत नाहीत, उलट मारच जास्त खातात. धोका वाढतो तो दारूनं आणि औषध सुटल्यानं. मार खाण्याचं मला पटलं. एसटी स्टँडवर पोरं पळवणारा समजून लोकांनी याचेच दोन दात पाडले होते. साखळीवर मात्र डॉक्टर चिडले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तिला बंदी आहे, हे मला तिथंच कळलं.

आता गोळ्यांऐवजी महिन्याचं इंजेक्शन. सिस्टर त्याला नावानं हाक मारते, कोपर वाकवून औषधानं हात ताठरला काय बघते, मगच सुई टोचते. या एका बाईसाठी दोन तारे.

दीड तारा कापला तो औषधासाठी. दोनदा इंजेक्शन संपलेलं होतं. बाहेरच्या मेडिकलमधून आणलं. दुसऱ्या वेळी उसनवारी करेपर्यंत बारा दिवस गेले आणि भावाची झोप उडाली. रात्री १४४१६ वर, मानसिक आजाराच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, फुकट आहे, मराठीत बोलतात. रेंजसाठी घराच्या धाब्यावर चढावं लागलं, तो आमच्या गावचा दोष. आणि खिडकीवरचा माणूस "येड्याइची लाइन तिकडं" म्हणून ओरडते, ते काही सुधरत नाही.

जाणार असाल तर सकाळच्या पहिल्या एसटीनं जा, इंजेक्शन आहे काय हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. भाऊ यंदा सोंगणीला होता. विळा त्याच्याच हातात दिला, मी दोन तास बाजूच्या ओळीत राहिलो, मग चहा आणायला गेलो.