डेक्कन क्वीनने नऊ महिने पुणे-मुंबई अप-डाऊन

गेल्या जूनमध्ये माझी बदली मुंबईत फोर्टातल्या ऑफिसात झाली. मुलगा दहावीत आणि सासूबाईंचे गुडघे दुखणारे, त्यामुळे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस डेक्कन क्वीनने जाते-येते, पाचव्या दिवशी घरून काम करते. ओळखीपाळखीतले लोक सारखे विचारतात, "अगं, रोज झेपतं का?" म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

झेपतं. पण तुम्हाला झेपेल की नाही, हे संध्याकाळी 5:10 ला सीएसएमटीवर हजर राहता येतं का यावर ठरेल.

सकाळचं सोपं आहे. वनाजहून मेट्रो धरली की वेळेत पुणे स्टेशन, 7:15 ला गाडी सुटते, 10:25 ला सीएसएमटी. तिथून ऑफिस चालत, पावणेअकराला मी जागेवर. साहेबांनी उशिरा यायची मुभा दिली म्हणून हे गणित बसलं. सिंहगड एक्सप्रेस त्याआधी साधारण सव्वा तास निघते, पण तिचे थांबे जास्त, त्यामुळे पोचेपर्यंत दहा होतातच. सोलापूरहून येणारी वंदे भारत मुंबईत दुपारी साडेबाराच्या पुढे पोचते, नोकरदाराला तिचा उपयोग नाही. ज्यांना साडेनऊला मस्टरवर सही करायची आहे, त्यांनी रोजच्या अप-डाऊनचा विचार सोडलेला बरा.

पास काढताना सुपरफास्टचा अधिभार भरायला विसरू नका. साध्या पासावर या गाडीत बसलात तर दंड होतो. पासधारकांचे डबे वेगळे असतात आणि तिथे जागेवर नंबर नसतो. पहिले पंधरा दिवस मी बहुतेक वेळ उभीच होते. जिथे बसायला जावं तिथे "इथे येणार आहेत" असं ऐकू यायचं, आणि ते येणारे कधी कधी थेट लोणावळ्याला चढायचे. मला याचा फार त्रास झाला. रिकाम्या जागेवर रुमाल टाकून ती अडवून ठेवणं चूकच आहे, आज माझा स्वतःचा ग्रुप झाला तरी मला तसंच वाटतं. आमच्या कोपऱ्यात आता आम्ही ठरवलंय की नवीन बाई दिसली तर लोणावळ्यापर्यंत तरी तिला बसवायचं.

त्याच बायकांनी नंतर मला सांभाळून घेतलं, हेही सांगायला हवं. कोणी परतताना भाजी निवडतं, कोणी जप करतं, एकजण बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागली होती. मुलाच्या सराव परीक्षेचा निकाल मी घरच्यांच्या आधी या बायकांना सांगितला.

डायनिंग कार हा या गाडीचा खरा मान. गाडी सुरू झाली 1 जून 1930 ला, आणि टेबलावर बसून खाण्याची सोय तिने आजवर टिकवली. जून 2022 मध्ये जुने डबे जाऊन एलएचबी या नव्या पद्धतीचे डबे आले, त्यात ही कारही नवी आली. मी महिन्यातून दोनदाच जाते, रोज परवडणारं नाही. ऑम्लेट, टोस्ट आणि चहा घेऊन मोठ्या खिडकीशी बसायचं आणि पळती मावळातली शेतं बघायची. नव्या डब्यांबद्दल एकच तक्रार ऐकू येते, निघताना-थांबताना बसणारा हिसका. हातात गरम चहा असेल तर जपून.

घाटाबद्दल किती लिहू! बोरघाटातला लोहमार्ग 1863 चा. लोणावळा ते कर्जत जेमतेम 28 किलोमीटर, पण तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त उतार, काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट. म्हणून सकाळी गाडी बेताबेतानेच उतरते, मध्ये ब्रेकच्या खात्रीसाठी थांबते. परतताना कर्जतला मागे बँकर इंजिनं जोडतात आणि ती गाडीला वर ढकलतात. नव्या प्रवाशाला वाटतं गाडी उगाच रखडली. मला हे कळल्यापासून कर्जतचा थांबा कधीच लांब वाटला नाही. बोगद्यांत फोनला रेंज नसते, तेव्हा ऑफिसचे फोन लोणावळ्याच्या आधी उरका.

पावसाळ्यात मात्र मन घट्ट करावं लागतं. 2019 च्या पावसाळ्यात दरडींमुळे घाटातली वाहतूक पुन्हा पुन्हा कोलमडली होती, ते आमच्या डब्यातले जुने लोक अजून सांगतात. यंदा जुलैत एका सकाळी आम्ही लोणावळ्याला दोन तास उभे होतो. राग आला नाही. त्या पावसात रुळांवर फिरून दरडींवर नजर ठेवणारी माणसं खिडकीतून दिसत होती. पण जून ते सप्टेंबर महत्त्वाची मीटिंग सकाळी ठेवू नका, आणि पिशवीत एक कोरडा ड्रेस ठेवा.

आता 5:10. पावणेपाचला मला टेबलावरून उठावंच लागतं, मग साहेब काही सांगत असोत. गाडी मिळाली तर 8:25 ला पुणे, सव्वानऊच्या आत घर, मुलाबरोबर जेवण. चुकली तर 5:50 ची सिंहगड, आणि घरी पोचेपर्यंत साडेदहा. तीही चुकली तर पुढे लांब पल्ल्याच्या गाड्या, ज्यांत पासावर बसण्याची सोय आपल्यासाठी नाही. ऑक्टोबरमध्ये हिशेब बंद होण्याच्या आठवड्यात माझ्या दोन्ही गाड्या चुकल्या. दादरहून बस धरली, मध्यरात्री घरी आले. मुलगा पुस्तकावर डोकं ठेवून झोपला होता.

सातच्या सुमारास मुंबईहून सुटणारी, पासधारकांची एक गाडी हवी. सहाला ऑफिस सुटणाऱ्या किती बायका या एका कारणाने पुण्यातून मुंबईची नोकरी घेत नाहीत, हे मी डब्यात रोज ऐकते. मुलाची बोर्डाची परीक्षा आता तोंडावर आहे. मी तीन महिन्यांचा पास पुन्हा काढलाय.