समोरासमोरचे दोन ॲडम-ईव्ह

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनास्थळात), 1424 च्या सुमारास, दोन चित्रकारांनी एकाच जोडप्याला, बायबलमधल्या पहिल्या स्त्री-पुरुषाला, ॲडम-ईव्हला, समोरासमोरच्या खांबांवर रंगवलं. मासोलिनोने निषिद्ध फळाचा क्षण निवडला, मासाच्योने ते खाल्ल्यावर ईडनच्या बागेतून झालेल्या हकालपट्टीचा.

मासोलिनोचं चित्र देखणं आहे. नितळ अंगं, शांत चेहरे, वर बाईच्या तोंडाचा साप. पण पाय जमिनीला टेकलेत असं वाटतच नाही. एवढं मोठं पाप घडतंय आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

मासाच्योचा ॲडम दोन्ही हातांनी तोंड झाकून चालतो. पोट आत ओढलेलं, जणू हुंदका अडकलाय. ईव्हचं डोकं मागे कललेलं, तोंड उघडं, डोळे म्हणजे नुसत्या काळ्या खाचा. तिने अंग झाकायला हात धरलेत ती ढब व्हीनस या रोमन प्रेमदेवतेच्या प्राचीन पुतळ्यांची. मानवतावादी अभ्यासक तेव्हा ग्रीक-रोमन वारसा नव्याने धुंडाळत होते. इथे तो वारसा माणसाची लाज दाखवायला कामी आला. पायांमागे सावल्या पडतात, म्हणजे या देहांना वजन आहे.

मला विचाराल तर मासाच्योच. मासोलिनो कथा सांगतो, मासाच्यो दुःख दाखवतो. तो 1428 मध्ये, तिशीही न गाठता गेला याची हळहळ वाटते.

पुढे सतराव्या शतकात या नग्न देहांवर पानं रंगवली गेली. 1980 च्या दशकातल्या जीर्णोद्धारात ती काढली, तेव्हा ॲडम पुन्हा तसाच उघडा दिसला, तोंड झाकून.