घामाची अ‍ॅलर्जी: रक्त द्यायचं की स्वतःचाच घाम टोचून घ्यायचा?

एक्झिमावाल्यांना (इसबवाल्यांना) सांगायला नको, घामोळं वेगळं आणि घाम फुटल्यावर दहा मिनिटांत मानेवर, कोपराच्या आतल्या घडीत जी आग सुरू होते ती वेगळी. माझं हे लहानपणापासूनचं, त्यात रोजची ठाण्याहून लोकल. गेल्या एप्रिलमध्ये म्हटलं बास, हे घामामुळेच होतंय का ते एकदा बघूनच टाकू. त्याला रस्ते दोन, स्किन टेस्ट किंवा रक्ताची टेस्ट.

स्किन टेस्ट म्हणजे व्यायाम करून तुमचाच घाम गोळा करायचा, तो गाळून, पातळ करून हातावर कातडीच्या आत बारीक सुईनं टोचायचा आणि पंधरा-एक मिनिटांनी गांधी उठली का बघायची. ऐकायला हीच बरी वाटते, आपलाच घाम, आपलीच कातडी, उत्तर डोळ्यासमोर, लॅबवाल्यावर विश्वास ठेवायची भानगडच नाही.

पण त्याआधी अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जीची खाज दाबणारी गोळी) बंद करावं लागतं, नाहीतर गांधी उठतच नाही. मला सात दिवस सांगितले होते. डॉक्टर अगदी सहज बोलून गेले, सात दिवस गोळी नको हं. पहिली रात्र काढली. दुसऱ्या रात्री आईनं आमसुलं भिजवून चोळली, अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे हेच करतात, पण खाजवून सोललेल्या कातडीवर आमसूल म्हणजे काय ते विचारू नका, मी अक्षरशः बाथरूममध्ये नाचलो. तिसऱ्या रात्री तीन वाजता चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले आणि मी गुपचूप सेटिरिझिन, म्हणजे तीच बंद केलेली गोळी, घेऊन झोपलो. टेस्ट बोंबलली. आणि समजा सात दिवस निघाले असते तरी टोचायला हातावर साफ जागा हवी ना, ती तोपर्यंत कुठे उरली असती!

रक्ताच्या टेस्टला ही कटकट नाही, गोळी चालू ठेवून जायचं. पण रक्ताच्या टेस्टही वेगवेगळ्या, नीट बघून घ्या. हिरोशिमा युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की घामातला मुख्य अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी उठवणारा पदार्थ) मुळात घामाचा नसतोच, कातडीवर राहणारं मलासेझिया ग्लोबोसा म्हणून यीस्ट आहे (कोंड्यासाठी बदनाम असलेल्या खानदानातलं), त्याचं एमजीएल १३०४ नावाचं प्रोटीन घामात उतरतं. तिकडे घामातून काढलेलं अँटिजेन (हाच अ‍ॅलर्जी उठवणारा भाग) रक्तातल्या बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींवर टाकून हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, किती सुटतं ते मोजतात. मुद्द्याची टेस्ट तीच, पण रक्त ताजं लागतं, काहींच्या पेशी कशालाच दाद देत नाहीत, आणि मला तरी ती इथे कुठे मिळाली नाही.

मग मी केली ती मलासेझियाच्या स्पेसिफिक आयजीईची टेस्ट, म्हणजे रक्तात त्या यीस्टविरुद्ध अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी (आयजीई) किती आहे ते बघायचं. एकदा सुई टोचली, विषय संपला. ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह धरतात, माझा आकडा बराच वर आला. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ही काही थेट घामाची टेस्ट नाही, शेजारच्या घरी चौकशी केल्यासारखं आहे, आणि एक्झिमात टोटल आयजीई चढलेलं असलं की बऱ्याच गोष्टी उगाच पॉझिटिव्ह दिसतात. त्यामुळे नुसता आकडा धरून बसू नका, घाम आल्यावर खरंच त्रास होतो का याच्याशी ताडून बघा. माझं जुळलं. आता ऑफिसात पोचलो की आधी हात-मान साध्या पाण्यानं धुतो आणि मगच जागेवर बसतो, माझ्यापुरता तरी फरक आहे.

दोनशे खाद्यपदार्थांचं आयजीजी (ही आयजीईपेक्षा वेगळी अँटिबॉडी) पॅनल कोणी गळ्यात मारत असेल तर मात्र सरळ नाही म्हणा, घामाशी त्याचा काही संबंध नाही.

एक्झिमा नसून घाम आल्यावर नुसत्या बारीक बारीक गांधी उठत असतील, कातडी एरवी साफ असेल आणि गोळीशिवाय आठवडा निघत असेल, तर स्किन टेस्ट करायला हरकत नाही, तुमच्यासाठी कदाचित तीच बरी. फक्त ती डिसेंबर-जानेवारीत करा, माझ्यासारखी एप्रिलमध्ये नको.