जांभळी नाक्याजवळचं बाईंडिंगचं दुकान: जुन्या पुस्तकांसाठी नक्की जा

ठाण्यात जुन्या पुस्तकाला हात लावायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. त्यांच्यासाठी लिहितेय. जांभळी नाक्याच्या बाजारामागच्या गल्लीत हे छोटं दुकान आहे, पाटीवर फक्त ‘बुक बाईंडिंग’ एवढंच.

माझं पुस्तक आजोबांचं, 1921 सालचं. टेरेन्स मॅकस्विनी यांचे लेख. मॅकस्विनी आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातले, तिथल्या कॉर्क शहराचे महापौर, शिवाय कवी आणि नाटककार. आधीच्या महापौरांना मार्च 1920 मध्ये राहत्या घरात गोळ्या घातल्या गेल्या, त्यांच्या जागी हे आले. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी त्यांना सिटी हॉलमध्ये पकडलं, लष्करी कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी अन्न सोडलं ते सोडलंच. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 व्या दिवशी, 25 ऑक्टोबर 1920 ला, ते गेले. त्याच दिवशी कॉर्कच्या तुरुंगात जोसेफ मर्फी हा तरुणही उपोषणात गेला. त्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतेय.

आजोबांनी समासात पेन्सिलीने भरपूर लिहिलंय. एका पानाच्या अगदी कडेला: ‘जतीन दास, लाहोर, 63 दिवस, 13 सप्टेंबर 1929’. राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा, एवढ्यासाठी क्रांतिकारक दासांनी तुरुंगात उपोषण करून प्राण दिले, आणि मॅकस्विनींच्या घरच्यांनी तिकडून दुखवट्याची तार पाठवली. मला या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. कॉर्कचा माणूस नऊ वर्षांनी लाहोरच्या कोठडीत पोचला होता.

आधी दुसरीकडे विचारलं, तर म्हणाले, तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, एकदम नवं दिसेल. कटिंग मारलं असतं तर लाहोरच गेलं असतं!

इथल्या काकांनी पानं उलटली, पेन्सिल पाहिली आणि म्हणाले, “ताई, हे मशीनला लावायचं नाही.” जुनी शिलाई उसवून फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे गठ्ठे, सुटे केले, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावला आणि पुन्हा हाताने जुजबंदी केली, म्हणजे एकेक फर्मा दोऱ्याने शिवला. खळ स्वतः शिजवतात, मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. पुस्तक आता टेबलावर सपाट उघडतं आणि एकही अक्षर कापलं गेलेलं नाही.

पुस्तक कुणी लिहिलंय, हे त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी कान्हेरे, कर्वे, देशपांडे या क्रांतिकारकांना आपल्याच ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली होती. 19 एप्रिल 1910. तारीख त्यांना पाठ होती. मग हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी मॅकस्विनींबद्दल सगळं ऐकून घेतलं. इतक्या आस्थेने ऐकणारा कारागीर मला तरी दुसरा भेटलेला नाही.

उणं एकच: पाठीवरची सोनेरी अक्षरं बाहेरून करून आणतात, त्यात वेळ जातो आणि माझ्या पुस्तकावर नाव थोडं तिरकं आलंय. शाळेच्या वह्यांचा हंगाम असतो तेव्हा जून-जुलैत जाऊ नका, जुनं काम मागे पडतं. पैसे पान मोजून नाही, पुस्तकाची अवस्था बघून सांगतात, आणि सांगितले त्याहून जास्त घेत नाहीत. समासात काही लिहिलेलं असेल तर देतानाच दाखवा.