बूटकॅम्प की ब्रिज ट्रेनिंग? ओंटारिओत नव्याने आलेल्या आयटीवाल्यांसाठी

भारतात दहा-बारा वर्षे आयटीत काढून कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात कायमच्या वास्तव्यासाठी आलेल्या माणसाला अर्जांमागून अर्ज करूनही फोन येत नाही, तेव्हा त्याच्यापुढे साधारणपणे दोन वाटा उरतात: खासगी बूटकॅम्प, म्हणजे थोड्या काळात कोडिंग शिकवणारा अभ्यासक्रम, किंवा परदेशात शिकून-काम करून आलेल्यांना इथल्या नोकरीसाठी तयार करणारे, सरकारी अनुदानावर चालणारे ब्रिज ट्रेनिंग. मी दोन्ही केले, आधी बूटकॅम्प आणि मग ब्रिज ट्रेनिंग.

बूटकॅम्प लवकर सुरू होतो आणि नवी साधने झपाट्याने शिकवतो. ज्यांना क्षेत्रच बदलायचे आहे, त्यांच्यासाठी तो कदाचित योग्यही असेल. ब्रिज ट्रेनिंगमध्ये इंग्रजीची पातळी तपासतात, बॅचची वाट पाहावी लागते, आणि ती वाट बेकारीत फार लांब वाटते. खर्चाच्या बाबतीत मात्र ते सुसह्य आहे. पात्र ठरणाऱ्यांना 5,000 डॉलरपर्यंतचे अर्थसाहाय्यही मिळू शकते.

बूटकॅम्पमध्ये अकरा वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हा लूप आणि व्हेरिएबलपासून सुरुवात करणे मी सहन केले. खटकले ते वेगळेच. तांत्रिक फेरी पार करूनही मी मुलाखतीत का नापास होतो, हे तिथे कोणालाच सांगता येत नव्हते. प्रत्येक नकारावर "आणखी एक प्रोजेक्ट करा" एवढाच सल्ला मिळे. ब्रिज ट्रेनिंगच्या सराव मुलाखतीत प्रशिक्षिका माझे बोलणे ऐकताना कागदावर रेघा ओढत होत्या. शेवटी त्यांनी मोजल्या तेव्हा सतरा भरल्या: मी सतरा वेळा "आम्ही" म्हणालो होतो. आम्ही सिस्टिम बदलली, आम्ही बिघाड शोधला. "यात तुम्ही स्वतः काय केलेत?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी गडबडलो. मी-मी करणे आपल्याकडे शोभत नाही. इथल्या मुलाखतींत त्याच संकोचाचा अर्थ "याने काही केलेले नाही" असा लावला जात होता.

रेझ्युमेवरील 'सॉफ्टवेअर इंजिनिअर'च्या जागी 'डेव्हलपर' लिहायलाही त्यांनीच सांगितले, कारण ओंटारिओत 'इंजिनिअर' या पदनामाला परवाना लागतो.

1 जानेवारी 2026 पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ओंटारिओतील कंपन्यांना जाहिरातीत कॅनडातील अनुभवाची अट घालता येत नाही, त्यामुळे नव्याने येणाऱ्यांची वाट थोडी सोपी व्हावी. तरीही मुलाखत घेणाऱ्याच्या मनातली अट कायद्याने लगेच पुसली जाईल, असे मला वाटत नाही.

मला नोकरी चार महिन्यांनी लागली. तिचे सगळे श्रेय ब्रिज ट्रेनिंगला देणे धाडसाचे होईल, बाजारही तेव्हा जरा सुधारला होता. पण बूटकॅम्पची फी भरण्याआधी तिथे सराव मुलाखत कोण घेते आणि किती वेळा घेते, एवढे जरूर विचारून घ्यावे.